एका खाटेची माणसं

३ नोव्हेंबर १९७४

आणि एक रुपया जास्त पाठवला तर त्यात माझं काय चुकलं? बादशहाभाईचं परत तेच पत्र. तू चाळीस धाड, मी चाळीस धाडतो, बरोबरीत राहू. बरोबरीत का म्हणून? तो थोरला आहे, मान्य. इचलकरंजीत सात वर्षं माग चालवतोय, तेही मान्य. पण मी अम्माला एक रुपया जास्त दिला तर तो काय त्याच्या खिशातनं जातो?

खरी भानगड गणपतरावाची आहे. गणपतराव म्हणजे आमच्या गावचा पोस्टमन. आजऱ्याहून सायकल मारत येतो, पिठाच्या गिरणीच्या कट्ट्यावर टेकतो आणि मनिऑर्डरी मोठ्यानं वाचतो. अम्माला वाचता येत नाही म्हणून नव्हे, सगळ्यांच्याच वाचतो. "हुसेनबी, बादशहाचे चाळीस. गैबीचे एकेचाळीस." दळणाला आलेल्या बाया ऐकतात आणि शहाजादी भाभीला म्हणतात, तुझ्या नवऱ्यापरीस दीर बरा निघाला की गं. भाभी ते भाईला कळवते, भाई मला लिहितो. मी गणपतरावाला मोठ्यानं वाच म्हणून सांगितलेलं नाही.

उत्तर लिहिणार नाही.

४ नोव्हेंबर

ही वही कागवाडे बाईंनी दिली. गेल्या सालची डायरी, कोरीच राहिलेली. म्हणाल्या, "रोज दोन ओळी लिहीत जा गैबी, पाचवीनंतर हात मोडलाय तुझा." वार जुळत नाहीत, तारखा जुळतात.

बाई इथं कोल्हापुरात कॉलेजात मानसशास्त्र शिकवतात. मी त्यांच्या खोलीचा शिपाई. रोजंदारी. कायम करायचं का नाही ते जानेवारीत ठरणार, आणि तो कागद बाईच लिहिणार. इथं यायच्या आधी दोन वर्षांत मी चार कामं सोडली. गूळ अड्ड्यावर होतो, छापखान्यात होतो, एका डॉक्टरकडं होतो, लाकडाच्या वखारीत होतो. एका जागी बूड टिकत नाही असं अम्मा म्हणते. इथं मात्र टिकलंय. का ते ठाऊक नाही.

७ नोव्हेंबर

हॉलंडहून कार्ड आलं. बाईंचा एक लेख विलायतेतल्या मासिकात छापून आलाय, त्याची प्रत पाठवा म्हणून मागणी. आजपर्यंत अकरा आली. काम माझं. प्रत पाकिटात घालायची, डिंक लावायचा, बाईंनी लिहिलेला पत्ता चिकटवायचा, मोठ्या पोस्टात वजन करून तिकिटं लावायची. एका पाकिटाला जेवढी तिकिटं लागतात तेवढ्यात माझी दोन जेवणं होतात.

बाहेरची तिकिटं बाई मला देतात. कॅन्टीनवाला ज्ञानू एकेकाला चार आणे देतो. त्याला पक्ष्यांची पाहिजेत. हॉलंडच्या तिकिटावर राणी आहे. ज्ञानू म्हणाला, "राणीचं दोन आणं. तिला पंख न्हाईत."

११ नोव्हेंबर

आज मी बाईंना विचारलं, एवढं काय आहे हो त्या लेखात? माणसं समुद्रापलीकडनं मागतात.

बाई म्हणाल्या, "अरे, तुझाच लेख आहे तो. तूच तर माणसं आणलीस."

ते मला माहीत होतं. गेल्या सालच्या मे महिन्यात आम्ही इचलकरंजीला गेलो होतो. भाईच्या ओळखीनं मी बत्तीस मागवाले गोळा केले होते. शाळेची एक खोली घेतली होती. निम्म्यांना निळी चिठ्ठी, निम्म्यांना पिवळी. मग एकेकाला आत बोलावून बाईंनी कागद पुढं ठेवला. कागदावर दहा चौकोन. प्रत्येक चौकोनात दोन आकडे, वरचा तुझ्या रंगाच्या कुणातरी एका माणसाला, खालचा दुसऱ्या रंगाच्या माणसाला. आकड्याप्रमाणं त्यांना पैसे मिळणार. स्वतःला काही नाही. एका चौकोनावर फुली मार, एवढंच.

पहिल्या चौकोनात वर सहा, खाली दोन. शेवटच्यात वर पंधरा, खाली वीस. मधे चढत गेलेले.

बाई म्हणाल्या, "आपल्या रंगाचं भलं व्हावं असं वाटत असेल तर कुठं फुली मारशील?"

"पंधरावर. सरळ आहे."

"बत्तीसांतल्या दोघांनी मारली. बाकीच्यांनी आठ-सहा, नऊ-आठ. म्हणजे आपल्या माणसाला पंधरा मिळत होते ते सोडले आणि नऊवर भागवलं. कशासाठी? तर समोरच्याला आठच मिळावेत म्हणून."

मी म्हटलं, येडीच आहेत. मी पंधरा घेतले असते.

"सगळे असंच म्हणतात," बाई म्हणाल्या.

ही युक्ती मूळची बाईंची नाही. विलायतेत एका प्रोफेसरानं शाळेच्या पोरांवर केलेली. तो पोलंडचा, ज्यू. मोठ्या लढाईत कैदेत पडला होता. सुटून आला तर घरचं कुणी जिवंत राहिलं नव्हतं. "मग असा माणूस काय शोधणार?" बाई म्हणाल्या. "माणूस माणसाला परकं मानायला लागतो त्याला कमीत कमी काय लागतं, ते त्यानं शोधलं. धर्म काढून घेतला. भाषा, पैसा, जुनं भांडण, ओळखदेख, सगळं काढून घेतलं. काही म्हणजे काही उरलं नाही. नुसती चिठ्ठी उरली. तरी ते होतंच. आता जगभर लोक त्याच्या मागनं हेच करून बघतायत. मी म्हटलं, आपल्याकडं करून बघू."

मग म्हणाल्या, "निळं कोण आणि पिवळं कोण हे त्या बत्तीसांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. लेखात जे काय आहे ते एवढंच आहे."

मी डिंकाची बाटली बंद केली. अजून तीन पाकिटं चिकटवायची होती.

१२ नोव्हेंबर

ठाऊक होतं. मीच तसं करून दिलं होतं.

इचलकरंजीत खोली परवडत नाही, म्हणून एका खाटेला दोन माणसं असतात. एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एक उठला की दुसरा पडतो. वाकळ गारच होत नाही. भाडं निम्मं निम्मं. दोघं भेटतात पाळी बदलताना दारात, तेवढंच. पण एक आजारी पडला तर डबा दुसराच आणतो, घरचं पत्र आलं तर दुसराच राखून ठेवतो. त्याला खाटेचा भागीदार म्हणतात. हिंदू-मुसलमान बघत नाहीत, घोरतो का तेवढं बघतात.

त्या दिवशी बाईंनी मला चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा दिला होता. न बघता एकेकाला काढू दे, कुणाला दाखवू देऊ नको, म्हणाल्या आणि आत कागद लावायला गेल्या. भाईनं काढली ती पिवळी. त्याच्या खाटेचा भागीदार गुंडू, त्यानं काढली ती निळी. दोघांनी लगेच एकमेकांना दाखवल्या. भाई सगळ्यांसमोर मला म्हणाला, "एका खाटेची माणसं फोडतोस व्हय रं गैब्या? घरात हेच शिकलास?"

मी गुंडूची चिठ्ठी बदलून दिली. मग दुसरे म्हणाले, आम्हाला पण. मी सगळ्यांना लावून दिलं. सोळा जोड्या, आठ निळ्या, आठ पिवळ्या. बरोबर वाटणी झाली म्हणून मला बरं पण वाटलं होतं.

१५ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर

अमेरिकेहून दोन कार्डं, दिल्लीहून एक पत्र. दिल्लीच्या लोकांनी बाईंना जानेवारीत बोलावलंय. मोठी सभा आहे, बाहेरचे प्रोफेसर येणार, त्यांच्यापुढं लेख वाचायचा. बाईंनी चहा मागवला, मलाही दिला. एरवी त्या चहा पीत नाहीत.

आता गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे? भाईला नाही, गुंडूला नाही. हॉलंडच्या माणसाला तर नाहीच. जानेवारीत मी कायम होईन. सांगितलं तर बाईंचं दिल्लीला जाणं जाईल आणि माझं इथलं जाईल. दोघांचं नुकसान. न सांगितलं तर कुणाचंच नाही.

असा हिशेब मी चार दिवस करतोय. दर वेळी तसाच येतो आणि मला पटत नाही.

२३ नोव्हेंबर

बाईंनी स्टेशनवर दिल्लीचं तिकीट काढायला पाठवलं. रांगेत दीड तास. माझ्या पुढं दोनच माणसं उरली तेव्हा मी रांगेतनं बाहेर आलो आणि चालत कॉलेजात गेलो.

बाई पेपर तपासत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"किती जोड्या?"

"सोळा."

"सगळ्या?"

"सगळ्या, बाई."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे मी सगळ्या जगाला कळवलं की माणूस आपल्या खाटेच्या भागीदाराला धरून असतो. हे तर तुझ्या अम्मालासुद्धा ठाऊक आहे रे."

"व्हय बाई."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"मला वाटलं चांगलंच केलं. फोडाफोडी झाली न्हाय."

बाईंना हसू आलं का रडू ते कळलं नाही, चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "तिकिटाचे पैसे टेबलावर ठेव. पहिल्यापासून करायचं सगळं. नवी माणसं, नव्या चिठ्ठ्या. आणि तसं नाही आलं तर ज्यांनी ज्यांनी लेख मागवला त्या प्रत्येकाला पत्र जाईल, की तो लेख धरू नका. पाकिटं तू चिकटवायचीस."

मला काढणार का ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

१ डिसेंबर

भाईला लिहिलं की परत बत्तीस माणसं पाहिजेत, गेल्या वेळची नकोत. एक रुपयाचं काही लिहिलं नाही. त्याचं उत्तर आलं. माणसं पाहिजे तेवढी मिळतील, सगळी रिकामीच आहेत. त्यानंही एक रुपयाचं काही लिहिलेलं नाही.

८ डिसेंबर

इचलकरंजी. तीच शाळा, तीच खोली.

एस.टी.तनं उतरलो तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. नंतर कळलं, खडखडाट कमी आहे. सूत महाग झालंय म्हणून निम्म्या मालकांनी आपापली शेड बंद ठेवलीय.

या वेळी बाईंनी मला चिठ्ठ्यांच्या जवळ येऊ दिलं नाही. स्वतः दाराआड नाणं उडवलं, एकेकाच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली आणि तिथंच वाचून परत घेतली. बोलायचं नाही, दाखवायचं नाही. मी बाहेर पायरीवर, चपलांजवळ. भाई गेल्या वेळचा, म्हणून तोही बाहेर. आम्ही दोघं दीड वर्षानं शेजारी बसलो होतो.

बराच वेळ तो बिडी फुंकत होता. मग म्हणाला, "आमची शेड बंद हाय. महिना झाला."

"लिहिलं नाहीस."

"काय लिहायचं त्यात." बिडी विझवून म्हणाला, "बकरीदला माझी मनिऑर्डर न्हाय जायची. गणपतराव तुझी एकट्याची वाचंल. खूष?"

मी खाली बघितलं. त्याची वहाण तुटली होती, टाचेला सुतळी बांधली होती. त्यानं बघितलं मी बघतोय ते, आणि पाय आत घेतला.

"शहाजादीला तेवढं कळवू नको," म्हणाला. "दळणाला जाते ती."

मग आतली माणसं बाहेर यायला लागली. आकाराम आणि शमशुद्दीन, एका खाटेचे. बाहेर आल्या आल्या त्यांचं सुरू झालं.

"काय रं आकाराम, तू कंचा?"

"निळा. तू?"

"पिवळा. कितीवर मारलीस फुली?"

"नवावर."

"म्हंजे मला आठ." शमशुद्दीननं कपाळाला हात लावला. "माझ्या वाकळंत झोपतोस, माझ्या बायकोनं धाडलेली चटणी खातोस, आन मला आठ?"

"तू कितीवर मारलीस ते सांग की आधी."

"त्येचं काय आता."

"सांग की."

"आठावर."

"म्हंजे मला सा! आन मलाच इचारतोय. आजपासनं तू पायथ्याला झोप जा."

"दोघं एका येळंला कवा झोपलोय रं आपण?"

सगळे हसायला लागले. भाईसुद्धा. मी आकारामला बाजूला घेऊन विचारलं, पावणं, शेवटच्या चौकोनात पंधरा होते की. ते का नाही घेतले?

"मग त्यांस्नी ईस गेलं असतं न्हवं."

"त्यांस्नी म्हणजे कुणाला? शमशुद्दीनच होता की त्यांच्यात."

आकारामनं डोकं खाजवलं. "तवा त्यो शमशुद्दीन न्हवता. पिवळा हुता."

१० डिसेंबर

बाईंनी काल आणि आज बसून सगळं मोजलं. मी आकडे वाचून दाखवले, त्यांनी मांडले. आलं. गेल्या वेळेपेक्षा थोडं कमी, पण तेच आलं. नऊ-आठ, आठ-सहा. पंधरावर तिघं.

मला वाटलं बाईंना आनंद होईल. त्या खिडकीतनं बाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? येऊ नये असं वाटत होतं. लेख गेला असता, पण बरं वाटलं असतं."

दिल्लीला जाणार आहेत. मासिकालाही एक खुलासा पाठवणार, पहिल्या वेळी काय चुकलं आणि दुसऱ्या वेळी काय निघालं त्याचा. मी विचारलं, माझं नाव असतंय का त्यात?

"'एका मदतनिसानं सद्भावनेनं चिठ्ठ्या बदलल्या', असं लिहिलंय."

"सद्भावनेनं म्हणजे?"

"म्हणजे चांगल्या मनानं."

मदतनीस म्हणजे शिपाईच, पण बरं वाटतं ऐकायला. कायम करायचा कागद पण लिहिलाय त्यांनी, टेबलावर दिसला. फक्त म्हणाल्या, "चिठ्ठ्यांना हात लावायचा नाही तू. जन्मात नाही."

१३ डिसेंबर

आकारामचं डोक्यातनं जात नाही. एवढा चांगला माणूस, भागीदाराला ताप आला तर रात्रभर बसणारा. आणि कागदावर फुली मारताना असा. पोटात काय असतंय माणसाच्या. शिकलेली नाहीत म्हणून असं होत असेल, असं मी बाईंना म्हटलं. बाई म्हणाल्या, विलायतेतली पोरं शिकतच होती.

मी तरी पंधरा घेतले असते.

१६ डिसेंबर

बकरीद आठवड्यावर आली. पगार झाला. खाणावळ आणि खोली भागवून, ज्ञानूकडनं तिकिटांचे आलेले धरून, हातात एक्याण्णव राहतात. मनिऑर्डरचं कमिशन आणि एस.टी.चे वेगळे काढले.

सारखं डोळ्यापुढं येतंय. गणपतराव गिरणीच्या कट्ट्यावर, "हुसेनबी, गैबीचे" म्हणून वाचणार, आणि पिशवी बंद करणार. भाभी पिठाचा डबा घेऊन उभी. बाया तिच्याकडं बघणार.

गेल्या महिन्यात हे असं झालं असतं तर मला वाईट वाटलं नसतं. खोटं कशाला लिहू, ही वही कोण वाचणार आहे.

१७ डिसेंबर

रजा टाकून इचलकरंजीला जाऊन आलो. कोल्हापूरचा शिक्का दिसला तर गणपतराव तेही वाचेल, त्याचा भरवसा नाही. म्हणून भाईच्या नावाची मनिऑर्डर तिथल्याच पोस्टातनं केली. पाठवणारा म्हणून बादशहा लिहिलं, पत्ता त्याच्या खोलीचा. खालच्या कुपनावर लिहिलं, तब्येत चांगली आहे, माग सुरू आहेत. भाईला सांगितलं नाही. पोस्टातनं परस्पर स्टँडवर आलो. वाटेत गुंडू भेटला, म्हणाला, बादशहाला भेटत न्हाईस व्हय? म्हटलं, एस.टी. चुकेल. भाभीकडनं त्याला कळेलच. मग पत्र येईल. येऊ दे.

परत येऊन मोठ्या पोस्टात माझी केली. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, एकाच माणसाला दर महिन्याला धाडतोस, थकत नाहीस? म्हटलं, या वेळी दोन भाग केलेत.

बाईंना सांगावंसं वाटलं होतं, की बघा, सगळी माणसं आकारामसारखी नसतात. पण त्या दिल्लीच्या गडबडीत आहेत.

एक्याण्णवचे दोन सारखे भाग होत नाहीत. एक रुपया कुठंतरी घालावाच लागतो.

बादशहाच्या नावानं पंचेचाळीस रुपये. माझ्या नावानं सेहेचाळीस.